चोर सोडून संन्याशाला सूळ !

"चोर सोडून संन्याशाला सूळ" ही म्हण आपल्याकडे जुनी आहे, व ती ऐकून आपण हंसतों. पण ती ज्याच्या मानेवर खरी झाली त्याच्या घरांत कोणी हंसलें नसेल. आज आम्ही वाचकांपुढें अशाच एका गरीब गड्याचा खटला मांडणार आहों. तो आपल्या मुलखांतला नव्हे, खुद्द लंडन शहरांतला आहे. ज्या न्यायाचे गोडवे आमच्या आजापणजांना पिढ्यान् पिढ्या ऐकवले गेले, त्याच न्यायाच्या देवळांत हा बळी पडला. "लंडनच्या कज्जाशीं आमचा काय संबंध?" असें जो विचारील त्यानें हा मजकूर शेवटपर्यंत वाचावा, म्हणजे संबंध त्याचा त्यालाच दिसेल.

टिमथी इव्हान्स हा वेल्समधील मर्थर टिडफिलचा. जन्म १९२४ सालचा. लहानपणीं पायाला चिघळलेलें दुखणें लागलें आणि शाळेचीं वर्षें त्यांतच गेलीं. वाचणें लिहिणें जेमतेम. लंडनमध्यें मालाची मोटार हांकून तो पोट भरी. रिलिंग्टन प्लेस नांवाच्या गल्लींत १० नंबरच्या घरीं, वरच्या मजल्यावर, तो, बायको बेरिल आणि तान्ही मुलगी जेराल्डिन असे राहात. तळमजल्यावर जॉन ख्रिस्टी नांवाचा इसम राही. लढाईच्या काळांत तो पोलिसांत राखीव शिपाई होता. बोलणें हळू, पोषाख टापटिपीचा. इव्हान्स कांहीं देवमाणूस नव्हता. तो दारू पिई, बायकोशीं भांडे, आणि थापा तर सदान्‌कदा मारी. आम्ही त्याला संन्यासी ठरवीत नाहीं. पण थापाड्याला फांशी द्यावी असा कायदा कोणत्याहि देशांत नाहीं.

नोव्हेंबर १९४९ मध्यें बेरिल आणि मुलगी दिसेनाशा झाल्या. ३० नोव्हेंबरला इव्हान्स आपल्या पायांनीं मर्थरच्या पोलीस ठाण्यावर गेला व म्हणाला, बायको मेली, प्रेत मीं गटारांत टाकलें. लंडनच्या पोलिसांनीं गटाराचें झांकण उचललें. त्याला तीन शिपाई लागले, आणि आंत कांहींच नव्हतें! तेव्हां त्यानें दुसरी हकीकत सांगितली. बेरिलला पुन्हां दिवस गेले होते. ख्रिस्टीनें गर्भ पाडून देतों म्हणून सांगितलें, त्यांत ती मेली, आणि मुलगी कोणाकडे तरी सांभाळायला देतों असें ख्रिस्टीच म्हणाला. २ डिसेंबरला परसांतल्या धुण्याच्या खोलींत दोघींचीं प्रेतें सांपडलीं. दोघींचे गळे आवळलेले होते. इव्हान्सला लंडनला आणलें, प्रेतांवरचे कपडे त्याच्यापुढें ठेवले, आणि त्याच रात्रीं त्याचा कबुलीजबाब तयार झाला !

मुलगी मेली हें आपणांस तेव्हांच कळलें असें तो पुढें सांगत राहिला. ऐकतो कोण? त्या दिवसांत त्या घरीं दुरुस्तीचे कामगार काम करीत होते. धुण्याची खोली आम्हीं वापरली, तेथें प्रेत दिसलें नाहीं, असें त्यांनीं पोलिसांस प्रथम सांगितलें होतें. ही गोष्ट पंचांच्या कानांवर गेली असती तर कबुलीजबाबाचा पायाच खचला असता. ती गेली नाहीं. ११ जानेवारी १९५० रोजीं मुलीच्या खुनाचा खटला उभा राहिला, आणि सरकारतर्फे मुख्य साक्षीदार कोण, तर ख्रिस्टी ! चोरीच्या शिक्षा भोगलेला, १९२९ सालीं एका बाईच्या डोक्यांत बॅट घालून तुरुंगांत गेलेला हा गृहस्थ. पण आतां तो माजी पोलीस, आणि समोर कोण, तर अडखळत बोलणारा अडाणी मोटारवाला. बोलणाराचे एरंड विकतात, न बोलणाराचे गहूहि विकत नाहींत. पंच सुमारें ४० मिनिटांत परतले. १३ जानेवारीला शिक्षा झाली, अपील फेटाळलें गेलें, आणि ९ मार्चला पेंटनव्हिलच्या तुरुंगांत इव्हान्सला फांशी दिलें. शिक्षेपासून फांशीपर्यंत दोन महिनेहि भरले नाहींत. वय २५ वर्षें.

आतां पुढचें ऐका. मार्च १९५३ मध्यें ख्रिस्टीनें ती जागा सोडली. दुसऱ्या भाडेकऱ्यानें भिंतीवरचा कागद सोलला, तों मागच्या कोनाड्यांत तीन बायकांचीं प्रेतें ! जमिनीच्या फळ्यांखालीं ख्रिस्टीची स्वतःची बायको. परसांत आणखी दोघींचे सांपळे, १९४३ व १९४४ सालांतले. म्हणजे १९४९ सालीं पोलीस त्या परसांत फिरले तेव्हां दोघीजणी त्यांच्या पायांखालींच होत्या. एकीच्या मांडीचें हाड तर वेलाच्या मांडवाला टेंकण म्हणून उघड्यावर उभें होतें. कुंपणानेंच शेत खाल्लें होतें, आणि राखणदारांनीं कुंपणाचीच साक्ष घेऊन वाटसराला लटकावलें. बेरिललाहि आपणच मारलें असें ख्रिस्टीनें कबूल केलें. मुलीचा खून मात्र तो नाकारीतच राहिला. १५ जुलै १९५३ रोजीं तो फांशीं गेला.

सरकारला लाज वाटली असेल असें वाचकांस वाटेल. छे ! सरकारनें एक चौकशी नेमली. ती थोड्याच दिवसांत उरकली, आणि इव्हान्सनें दोन्ही खून केले असा निवाडा त्याच महिन्यांत बाहेर पडला. म्हणजे एकाच लहानशा घरांत, एकमेकांस न कळतां, बायकांचे गळे आवळणारे दोन खुनी राहात होते, आणि एकानें दुसऱ्यावर बरोबर बोट दाखवलें तें केवळ योगायोगानें ! शाळेंतल्या पोरानें असा हिशेब केला तर आम्ही त्याला बांकावर उभा करतों. पत्रकार लडोविक केनेडी यांनीं १९६१ सालीं पुस्तक लिहून तो हिशेब चव्हाट्यावर मांडला. पुढें न्यायमूर्ति ब्रेबिन यांची चौकशी झाली. त्यांनीं १९६६ सालीं काढलेला निष्कर्ष असा, कीं मुलीला इव्हान्सनें मारलें नसावें, बायकोला बहुधा मारलें असावें. ज्या खुनाबद्दल फांशी दिलें तो त्याचा नाहीं. ज्याबद्दल त्याच्यावर खटलाच चालला नाहीं तो त्याचा! ऑक्टोबर १९६६ मध्यें त्याला राजाज्ञेनें माफी मिळाली. ह्यालाच आपल्याकडे बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. २००४ सालीं वरिष्ठ कोर्टाच्या न्यायाधीशांनीं दोन्ही खून त्याचे नव्हेत हें मान्य केलें, पण जुनी शिक्षा रीतसर रद्द करण्याचें प्रकरण पुढें पाठवण्यास नकारच राहिला.

कोणी म्हणेल, "घरांत बायको मेली कीं नवराच धरावा. बायका घराघरांत मरताहेत, आणि तुम्ही नवऱ्यांचे वकील झालां!" नाहीं, बांधवांनो. बायकोला जाळणाऱ्याची आणि विष घालणाऱ्याची आम्हांला तिळमात्र दया नाहीं. पण चुकीचा मनुष्य टांगला कीं खरा मोकळा सुटतो. इव्हान्सला फांशी दिल्यानंतर ख्रिस्टीनें आणखी चार बायका मारल्या. त्या चौघींचें रक्त कोणाच्या कपाळीं? त्या ४० मिनिटांच्या घाईच्या ! आपल्याकडे पुण्याच्या एका विवाहितेच्या विषबाधेच्या खटल्यांत खालच्या कोर्टानें नवऱ्याला फांशी सांगितली, हायकोर्टानें ती कायम केली, आणि १९८४ सालीं सुप्रीम कोर्टानें त्याला सोडलें. शंका कितीहि दाट असली तरी ती पुराव्याची जागा घेऊं शकत नाहीं, हें तत्त्व त्या निकालानें पक्कें केलें. तो निकाल बायकांच्या विरुद्ध नाहीं. तपास नीट करा, एवढेंच तो पोलिसांस बजावतो.

आतां आमचा संबंध. इंग्रजांनीं १८७२ सालीं आपल्याकडे पुराव्याचा कायदा केला. त्याच्या २५ व्या कलमानें पोलीस अंमलदारापुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करतां येत नसे. मौज पाहा : इंग्रजाला इथल्या फौजदाराचा भरंवसा नव्हता म्हणून आम्हांला हें कुंपण मिळालें, आणि स्वतःच्या घरच्या फौजदाराचा भरंवसा फार म्हणून त्याचाच टिमथी फांशीं गेला ! इव्हान्सचा तो कागद आमच्या कायद्याखालीं कबुलीजबाब म्हणून कोर्टांत उभाच राहिला नसता. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्याच्या २३ व्या कलमांत हें कुंपण शाबूत आहे. पण त्याला भोंकें पाडणारे कमी नाहींत. २००३ सालीं मळीमठ समितीनें वरिष्ठ पोलीस अंमलदारापुढचा कबुलीजबाब ग्राह्य धरावा अशी शिफारस केली. आमच्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारीच्या कायद्यांत १८ व्या कलमानें पोलीस सुपरिंटेंडेंट किंवा वरच्या अंमलदारापुढचा कबुलीजबाब चालतो. "अंमलदार मोठा, तेव्हां कबुली खरी," हें तर्कशास्त्र आम्हांला मान्य नाहीं. खांद्यावरचे तारे वाढल्यानें आरोपीची भीति कमी होत नसते.

आम्ही खेड्यांतले मास्तर. लोक आमच्याकडे नोटीस, समन्स, बँकेचा कागद वाचून घ्यायला येतात, आणि वाचून दाखवला कीं विचारतात, "गुरुजी, ह्याच्यावर सही मीं कवा केली?" टिमथी इव्हान्स ह्याच जातकुळीचा. लेखणी दुसऱ्याची, भाषा दुसऱ्याची, आणि मान तेवढी याची ! म्हणून आमचें सांगणें थोडक्यांत असें. तपासांत पोलिसांनीं लिहून घेतलेल्या जबाबावर सही करावी लागत नाहीं. कायदाच ती घेऊं नये म्हणतो. मॅजिस्ट्रेटापुढें कबुली देण्यास कोणी बांधलेला नाहीं, व ही समज देणें मॅजिस्ट्रेटाचें काम आहे. अटकेंतल्या मनुष्यास वकील गांठण्याचा हक्क आहे, आणि १९८७ च्या कायद्यान्वयें कोठडींतल्या मनुष्यास सरकारी खर्चानें वकील मिळतो. हें चावडीवर मोठ्यानें वाचून दाखवा.

इंग्लंडनें १९६५ सालीं खुनाबद्दलची फांशी थांबवली, व १९६९ सालीं ती कायमची बंद केली. त्या निर्णयामागें ह्या अडाणी मोटारवाल्याचें नांव वारंवार घेतलें गेलें. आमच्या कायद्यांत फांशी अजून आहे. तुरुंगांतला निरपराधी वीस वर्षांनीं कां होईना, दाराबाहेर येऊं शकतो. फांशीं दिलेल्याला कोणत्या कोर्टाच्या हुकुमानें परत आणणार, एवढें फांशीचा आग्रह धरणाऱ्या विद्वानांनीं आम्हांस सांगावें.