मुंब्रा ते कोमोरोस: मुलींचा फुटबॉल नेमका अडतो कुठे?

वाकडमधून मुळा नदीचा पूल ओलांडला की बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल हाकेच्या अंतरावर आहे. जानेवारी २०२२ मध्ये तिथं महिलांच्या आशिया चषकाचे सामने झाले. जपान, दक्षिण कोरिया, व्हिएतनाम, म्यानमार हे संघ तिथं खेळले. ३० जानेवारीला कोरियानं ऑस्ट्रेलियासारख्या तगड्या संघाला १-० नं घरी पाठवलं. कोरोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. आशियातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडू आपल्या शेजारी येऊन गेल्या आणि आपल्या बहुतेक घरांना पत्ताही लागला नाही.

त्याच स्पर्धेतला एक सामना मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २० जानेवारीला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत विरुद्ध इराण. इराणच्या मुली या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरल्या होत्या, सगळ्यांची डोकी झाकलेली. यजमान भारताला त्यांनी ०-० असं रोखलं. पुढे आपल्या संघात कोरोना पसरला आणि भारताला स्पर्धाच सोडावी लागली. साहजिकच सगळी चर्चा तिकडे वळली.

पण डोकं झाकून खेळण्याचा हा हक्क इराणच्या मुलींना आयता मिळालेला नाही. जून २०११ मध्ये हाच संघ ऑलिम्पिक पात्रता सामन्यासाठी जॉर्डनची राजधानी अम्मानला गेला होता. हिजाबमुळे त्यांना ऐनवेळी खेळू दिलं नाही आणि सामना जॉर्डनला बहाल झाला. मैदानावर रडणाऱ्या त्या खेळाडूंचे फोटो तेव्हा जगभर छापून आले. जॉर्डनचे प्रिन्स अली बिन अल-हुसेन तेव्हा फिफाचे उपाध्यक्ष होते. त्यांनी विषय लावून धरला. २०१२ मध्ये हिजाबला प्रायोगिक परवानगी मिळाली आणि २०१४ मध्ये नियमच बदलला. ३० जुलै २०२३ ला ॲडलेडमध्ये मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून विश्वचषकाचा सामना खेळली. महिलांच्या मुख्य विश्वचषकात असं पहिल्यांदाच घडलं, आणि मोरोक्कोनं तो सामना कोरियाविरुद्ध १-० नं जिंकलासुद्धा.

म्हणजे खेळाच्या नियमात ओढणीची अडचण राहिलेली नाही. काही देश अजून आडमुठेपणा करतात, ते वेगळं. फ्रान्समध्ये फुटबॉल महासंघानं घातलेली हिजाबबंदी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं जून २०२३ मध्ये कायम ठेवली. तिथं म्हणतात, हिजाब काढ, मग खेळ. आपल्याकडे काही घरांत म्हणतात, हिजाब घालतेस ना, मग खेळायचं कशाला? दोन्हीकडे मुलगी रेषेच्या बाहेरच बसते.

मी शिक्षिका आहे, त्यामुळे ही रेषा मला रोज दिसते. पाचवी-सहावीतल्या मुली मधल्या सुट्टीत घामाघूम होईपर्यंत पळतात. आठवीत गेल्या की त्याच मुली झाडाखाली मैत्रिणींची दप्तरं सांभाळत बसतात. (परीक्षा जवळ आली की पीटीचा तास मागून घेणाऱ्यांत मीही आहे, हे कबूल करते.) पालकांशी याबद्दल बोलले तेव्हा वाटलं होतं, धर्माचं कारण पहिलं येईल. तसं झालं नाही. एका अब्बूंचं उत्तर अजून लक्षात आहे: "मॅडम, सेकंड शिफ्टला मी चाकणला असतो. अंधार पडल्यावर तिला आणायला कोण जाणार?" एक अम्मी म्हणाल्या, मैदानावर मोठी पोरं असतात, काहीबाही बोलतात. कुणी म्हणालं, शिकवणारे सर पुरुष आहेत. बाथरूमचा विषय तर निम्म्या आयांनी काढला. 'लोग क्या कहेंगे' हे सगळ्यात शेवटी आलं, आणि तेही जरा ओशाळूनच.

दीनचं म्हणाल तर पैगंबर (स.) यांनी हजरत आयेशा (र.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याची हदीस आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पर्दा पाळून, सुरक्षित जागी मुलींनी खेळावं याला विरोध करणारे मला तरी फार भेटलेले नाहीत. अडतं ते 'सुरक्षित जागी' या दोन शब्दांपाशी.

हे मुंब्र्याच्या मुलींनी आपल्या आधी ओळखलं. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली असंख्य मुस्लिम कुटुंबं मुंब्र्यात येऊन राहिली. दाटीवाटीची वस्ती, उघडी जागा कमी, आणि जी आहे ती मुलांच्या ताब्यात. २०१२ मध्ये सबा खान आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांच्या 'परचम' या गटानं तिथं मुलींचा फुटबॉल सुरू केला. नाव घेतलं ते मजाज लखनवींच्या प्रसिद्ध नज्मवरून, जिच्यात शायर स्त्रीच्या आंचलचाच परचम करायला सांगतो. या कार्यकर्त्या घरोघर गेल्या, पालकांना समजावलं. कुणी स्कार्फ बांधून आली, कुणी बुरख्यात येऊन मैदानावर बुरखा घडी करून ठेवला. मुलांनी जागा सोडायला कटकट केली. तेव्हा मुलींनी सह्या गोळा केल्या आणि मुलींसाठी मैदान हवं ही मागणी लोकप्रतिनिधींकडे नेली. पुढे याच मुलींमधून लहान मुलींना शिकवणाऱ्या तयार झाल्या, मुस्लिम आणि बिगरमुस्लिम मुली एका संघात खेळल्या, फातिमाबी आणि सावित्रीबाईंच्या नावानं स्पर्धा झाल्या.

या गोष्टीत मला सगळ्यात मोठी वाटते ती सह्यांची मोहीम. खेळायला द्या, अशी विनंती त्यांनी केली नाही. शहरातल्या जागेवर आमचाही हिस्सा आहे, असं लेखी मांडलं. हे मांडायला पंधरा-सोळा वर्षांच्या मुली पुढे आल्या, आणि आपण मोठे लोक सोसायटीच्या गेटवरचा 'बॉल खेळण्यास मनाई'चा फलक वाचून मुकाट घरात जातो.

आता जरा लांबचं उदाहरण. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोझांबिक आणि मादागास्करच्या मधे, कोमोरोस नावाचा बेटांचा देश आहे. लोकसंख्या नऊ लाखांच्या आत. एकट्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १७ लाखांच्या वर होती, म्हणजे आपल्या साधारण निम्मा. जवळपास सगळे मुसलमान, आणि तेही आपल्या कोकणी बांधवांसारखे शाफई. फिफाचं सदस्यत्व मिळालं २००५ मध्ये. त्यांच्या पुरुष संघानं जानेवारी २०२२ मध्ये, इकडे भारत-इराण सामना झाला त्याच आठवड्यात, आफ्रिका चषकात घानाला ३-२ नं हरवून खळबळ उडवली होती. महिला संघाची गोष्ट अशी चमकदार नाही. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या कोसाफा स्पर्धेत यजमानांनी त्यांच्यावर सतरा गोल केले. १७-०! हसू येण्यासारखा आकडा आहे. पण पुढच्या वर्षी कोमोरोसच्या मुली त्याच स्पर्धेत परत उतरल्या. ज्या संघाला संघ म्हणून उभं राहायला मिळतं, त्यालाच हरता येतं. आमच्या शाळेच्या मुलींवर अजून कुणी एकही गोल केलेला नाही, कारण आमच्याकडे संघच नाही.

मोरोक्कोचा मार्ग पैशाचा आणि नियोजनाचा. तिथल्या महासंघानं २०२० मध्ये महिला लीगचे दोन्ही स्तर व्यावसायिक केले. २०२२ मध्ये संघ आफ्रिका चषकाच्या अंतिम फेरीत पोचला, २०२३ मध्ये विश्वचषकाच्या बाद फेरीत. तीन वर्षांत हे झालं. एवढा पैसा आपल्या हातात नाही, पण कोमोरोसची चिकाटी आणि मुंब्र्याच्या सह्या यांना फारसे पैसे लागत नाहीत.

इकडे भारतीय महिला संघानं जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच घरी २-१ नं हरवून २०२६ च्या आशिया चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून भारत प्रथमच तिथवर गेला. अशा बातम्यांनी मुलींच्या डोळ्यांत चमक येते. ती टिकवायला काय आहे? वाकड-थेरगावकडे टर्फ पुष्कळ झालेत, पण ते तासाच्या भाड्यावर, आणि संध्याकाळी आयटीतल्या मुलांनी भरलेले. काळेवाडीतल्या रिक्षावाल्याच्या मुलीला ते परवडणारे नाहीत. उरतात महापालिकेची आणि शाळांची मैदानं. पोहण्याच्या तलावावर महिलांची वेगळी बॅच असते, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. तशीच मैदानावर मुलींची वेळ ठेवता येईल. सकाळची वेळ, एक महिला प्रशिक्षक, कुलूप न लावलेलं स्वच्छतागृह. सकाळी ठेवलं तर सेकंड शिफ्टचा प्रश्नही सुटतो.

पालकांसाठी आणखी एक हिशोबाची गोष्ट. शालेय स्पर्धा तालुक्यापासून जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. सुब्रोतो मुखर्जी चषकात १७ वर्षांखालील मुलींचा वेगळा गट आहे. जिल्हा पातळीपासून पुढे मजल मारली तर दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळू शकतात, आणि पुढे पात्र खेळाडूंना राज्याच्या सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. ट्यूशनच्या फीइतकाच याचाही विचार व्हायला हरकत नाही.

पुढच्या पालकसभेत मी अर्जाचा मसुदा घेऊन जाणार आहे. मजकूर चार ओळींचा: कुठलं मैदान, रविवारी सकाळी सात ते नऊ, फक्त मुली, महिला प्रशिक्षक हवी. खाली सह्यांसाठी दोन कोरे कागद जोडलेत. ज्यांना सभेला येता येणार नाही त्यांनी मुलीच्या दप्तरातून सही पाठवली तरी चालेल.