पितळखोऱ्याला रोजची मर्यादा हवी, आणि ती याच श्रावणात

कन्नड, चाळीसगाव आणि छत्रपती संभाजीनगरच्या भटक्यांना, सहली काढणाऱ्या शिक्षकांना, गावोगावच्या तरुण मंडळांना ही कळकळीची विनंती आहे. श्रावण तोंडावर आला आहे. श्रावणी सोमवार, १५ ऑगस्टची सुट्टी आणि तिला जोडून येणारे रविवार या दिवसांत पितळखोऱ्याच्या लेण्यांच्या पायऱ्या जी गर्दी उतरते, ती त्या दरीला आता पेलवत नाही. रोज ठरावीक माणसांनाच परवाना मिळावा, अशी व्यवस्था तिथे व्हायला हवी. ती होईपर्यंत ही मर्यादा आपणच आपल्याला घालून घेऊ या.

जागा कशी आहे ते आठवून पाहा. पठारावर गाडी लावायची आणि कड्याला लागून खाली उतरायचं. एका अंगाला मुख्य लेणी, पलीकडच्या अंगाला स्तूपांची लहान लेणी आणि मधून ओढा. हेच पाणी पुढे पाटण्याच्या बाजूला धवलतीर्थाच्या धबधब्यात कोसळतं. दरीत ऊन असतं तेव्हा वर पठारावर ढग फुटलेला असू शकतो. मग पाणी बघता बघता चढतं आणि दुसरी वाट नसते. ३१ ऑगस्ट २०२१ची पहाट या भागात कोणी विसरलेलं नाही. एका रात्रीच्या पावसाने औट्रम घाटात दरडी कोसळल्या, रस्ता बंद पडला आणि खाली चाळीसगावात पुराचं पाणी शिरलं. हा तोच डोंगर आहे. त्या दिवशी पितळखोऱ्याच्या ओढ्यात दोनशे माणसं असती तर, हा विचार मनातून जात नाही.

आणि पाण्याशिवाय दगडही आहे. आपला हा काळा पाषाण घट्ट वाटतो, पण पितळखोऱ्यात तो थरांचा आणि ठिसूळ आहे. बहुतेक लेण्यांचे दर्शनी भाग पूर्वीच ढासळले आहेत. जे उरलं आहे ते इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनचं. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातल्या खांबांवर नंतरच्या काळातली बुद्धचित्रं अजून टिकून आहेत. चौथ्या विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, दारापाशी दोन द्वारपाल उभे आहेत. शेजारी दगडात कोरलेला पाच फण्यांचा नाग आहे. वरून झिरपणारं पाणी त्या फण्यांतून बाहेर पडावं अशी सोय कोरणाऱ्यांनी केली होती. पावसाचं पाणी या खडकाचं काय करतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. इथल्या शिलालेखांत प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं दान आहे, राजवैद्य मगिलाच्या कुटुंबाचं दान आहे. आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेली यक्षमूर्ती इथलीच. कण्हदास नावाच्या सोनाराने ती घडवली आणि तिच्या हातावर आपलं नाव लिहून ठेवलं. त्याने नाव घातलं ते स्वतः घडवलेल्या मूर्तीवर. दुसऱ्याने रंगवलेल्या खांबावर खिळ्याने आपलं नाव ओढणाऱ्याला तो हक्क नाही. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. पण गर्दीत कोण कोणाला पाहतो?

अजिंठा पितळखोऱ्याच्याच जिल्ह्यात आहे. तिथे चित्रं असलेल्या मुख्य लेण्यांत एका वेळी ४० माणसांना, पंधरा मिनिटांसाठी, असा नियम केला गेला. माणसांच्या श्वासाचा दमटपणा रंगांना खातो म्हणून. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात रोज ३,००० लोकांची मर्यादा घालून आगाऊ नोंदणी सुरू झाली. दूर अमेरिकेत, ॲरिझोना आणि यूटा यांच्या सीमेवरच्या वाळवंटात ‘द वेव्ह’ नावाचा लाटांसारखा वालुकाश्म आहे. तिथे चालत जायला खुणा केलेली वाटही नाही. अनेक वर्षं रोज फक्त २० जणांना परवाना मिळत असे, २०२१पासून ६४ जणांना मिळतो, तोही सोडतीने. जगभरातून अर्ज येतात, बहुतेकांना नकार मिळतो. परवाना घेऊनही २०१३च्या जुलैत उन्हाच्या तडाख्याने तिथे माणसं दगावली. म्हणजे परवाना हा जिवाचा विमा नव्हे. पण आत किती जण गेले आणि त्यातला कोण संध्याकाळपर्यंत परतला नाही, हे तरी कळतं. आपल्याकडे ऐन रविवारी दरीत नेमकी किती माणसं आहेत, हे कोणी सांगू शकेल?

शिवाय हे जंगल आहे. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. बिबट्या, अस्वल, नीलगाय, चिंकारा इथे नांदतात. २०२१च्या मार्चमध्ये कित्येक दशकांनंतर इथल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला, थेट यवतमाळच्या टिपेश्वरकडून चालत आलेला. कड्यांना आग्या मोहोळं असतात. एका सिगारेटचा धूर, एक भिरकावलेला दगड, आणि अरुंद पायऱ्यांवर पळापळ. त्या पायऱ्यांवर पन्नास माणसं असणं आणि पाचशे असणं यांतला फरक अशा वेळी कळतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

काही जण म्हणतील, मर्यादा घातली तर आसपासच्या गावांतल्या चहावाल्याचं, वाटाड्याचं पोट कसं भरायचं? प्रश्न रास्त आहे, तो झटकून चालणार नाही. म्हणूनच मागणीत हेही असावं: परवान्याचे पैसे घेताना त्यातला वाटा गावाच्या समितीला मिळावा आणि प्रत्येक गटासोबत गावातला प्रशिक्षित वाटाड्या सक्तीचा असावा. आज धावत येऊन धावत जाणारी गर्दी गावाला प्लास्टिकच्या बाटल्यांखेरीज फारसं काही देत नाही.

आता काय करायचं ते. श्रावणातले रविवार, सोमवार आणि १५ ऑगस्ट सोडून इतर दिवशी जा. गट दहा जणांच्या आत ठेवा. वन विभागाच्या नाक्यावर नोंद केल्याशिवाय आत शिरू नका आणि परतताना तिथे सांगून या. पाटणादेवीकडून धवलतीर्थमार्गे ओढ्यातून वर चढण्याचा बेत पावसाळ्यात करूच नका. तो हिवाळ्यासाठी ठेवा. आभाळ भरलं की लेणी अर्धी पाहून झाली असली तरी वर या. शिक्षकांनो, शाळेची सहल दिवाळीनंतर काढा. रील टाकणाऱ्या मित्रांनो, धबधब्याच्या तोंडाशी उभं राहून काढलेलं चित्रण टाकू नका. तुम्ही सुखरूप परत आलात, पाहणारा येईलच असं नाही. जंगलात काही आक्रीत दिसलं, वणवा दिसला, कोणी अडकलं तर वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी आणि ११२ हे दोन क्रमांक फोनमध्ये आत्ताच घालून ठेवा. दरीत रेंज मिळत नाही, म्हणून एक जण वर पठारावर थांबवा.

आणि एक अर्ज लिहा. एकट्याने लिहा, मंडळाच्या, महाविद्यालयाच्या, ग्रामपंचायतीच्या नावाने लिहा. विभागीय वनाधिकारी (वन्यजीव), छत्रपती संभाजीनगर यांना आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या इथल्या मंडळ कार्यालयाला. पितळखोऱ्यासाठी दैनंदिन परवान्यांची संख्या ठरवा, अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी दरी बंद ठेवा, गावाला वाटा द्या, एवढ्याच तीन मागण्या. पानभर पुरे. पहिल्या श्रावणी सोमवारच्या आत तो पोचता करा.