तबकडीचें यंत्र : निवड आणि विवेक

इसवी सन १९८२ च्या ऑगस्ट महिन्यांत दोन घटना नऊ दिवसांच्या अंतरानें घडल्या. १७ तारखेस जर्मनींतील हॅनोव्हरनजीकच्या लांगेनहागेन येथील कारखान्यांत विक्रीसाठीं पहिली ‘कॉम्पॅक्ट डिस्क’ तयार झाली, आणि २६ तारखेस चंद्रपूर जिल्ह्याचें विभाजन होऊन गडचिरोली हा नवा जिल्हा अस्तित्वांत आला. या दोहोंचा कार्यकारणसंबंध अर्थातच कांहीं नाहीं. परंतु आमच्या या अरण्यप्रांतांतील जी पिढी नव्या जिल्ह्याबरोबर लहानाची मोठी झाली, तिच्या घरोघर त्या १२ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीचा संसारही वाढत गेला. लग्नाची, मुंजीची, गाण्याची, कीर्तनाची, चित्रपटाची, अशा नाना तबकड्या कपाटांत सांचल्या आहेत. आणि आतां त्या वाजविणारीं यंत्रेंच बाजारांतून नाहींशीं होऊं लागलीं आहेत.

या संबंधांत चंद्रपुराकडील एका एकत्र कुटुंबांतून आम्हांस विचारणा आली आहे. धाकटे बंधु व मुलें यांचा आग्रह असा कीं, दिवाणखान्यांत मोठा पडदा व ध्वनिवर्धक आलेच आहेत, तर सर्व जातींच्या तबकड्या वाजविणारें, ज्यास ‘युनिव्हर्सल डिस्क प्लेअर’ म्हणतात तें, उंची यंत्र एकदांच घेऊन टाकावें. वडील बंधूंचा प्रश्न असा कीं, सामाईक पैशांतून एवढा खर्च करण्याचें प्रयोजन काय? आणि मातोश्रींची इच्छा एवढीच कीं, २००४ सालीं नातवाच्या मुंजींत त्यांच्या दिवंगत यजमानांनीं म्हटलेलीं मंगलाष्टकें ज्या तबकडीवर आहेत, ती हल्लीं मध्येंच अडकते, ती पुन्हां नीट चालावी. तिघांचेंही म्हणणें रास्त आहे. म्हणूनच उत्तर थोडें विस्तारानें दिलें पाहिजे.

शास्त्रग्रंथाच्या आरंभीं विषय, प्रयोजन, संबंध व अधिकारी या चार गोष्टी सांगण्याची आपल्याकडे चाल आहे. तिला अनुबंधचतुष्टय म्हणतात. ग्रंथ हातीं धरण्यापूर्वीं जें पाहावयाचें, तेंच यंत्र हातीं धरण्यापूर्वीं पाहिल्यास बहुतेक शंका आपोआप मिटतात.

प्रथम विषय, म्हणजे घरांतील तबकड्या. त्या सर्व बाहेर काढून त्यांच्या जाती लावाव्या. साधी सीडी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसर किरणानें वाचली जाते, डीव्हीडी ६५० च्या तांबड्या किरणानें, आणि ब्लू-रे ४०५ च्या निळसर जांभळ्या किरणानें. तरंग जितका आंखूड तितका प्रकाशाचा बिंदु बारीक, आणि बिंदु जितका बारीक तितकी अक्षरें दाट. म्हणूनच एकाच आकाराच्या तबकडीच्या एका थरावर डीव्हीडींत ४.७ गिगाबाइट, तर ब्लू-रेमध्यें २५ गिगाबाइट मजकूर मावतो. याशिवाय केवळ संगीतासाठीं १९९९ सालीं ‘सुपर ऑडिओ सीडी’ व २००० सालीं ‘डीव्हीडी-ऑडिओ’ अशा दोन जाती निघाल्या, आणि २०१६ सालीं चौपट तपशिलाची फोर-के ब्लू-रे आली. या सर्वांस जें पुरें पडतें तें खरें सार्वत्रिक यंत्र. मात्र किंमत मोठी म्हणजे सर्व जातींची सोय, असा समज करून घेऊं नये. पॅनासॉनिकचें २०१८ सालचें ‘यूबी ९०००’ हें चित्राच्या बाबतींत नांवाजलेलें यंत्र; परंतु सुपर ऑडिओ सीडी तें वाजवीत नाहीं. आपल्याकडील जुनी व्हीसीडी तर कित्येक नव्या यंत्रांस चालतच नाहीं. तेव्हां दुकानांत जातांना घरची एकेक जातीची तबकडी बरोबर न्यावी आणि ती समक्ष लावून पाहावी.

ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. डीव्हीडीच्या व्यापाराकरितां जगाचे विभाग पाडलेले असून हिंदुस्थान पांचव्या विभागांत व अमेरिका पहिल्यांत आहे. ब्लू-रेच्या वांटणींत आपण ‘सी’ व अमेरिका ‘ए’ विभागांत येते. चिरंजीवांनीं तिकडून प्रेमानें पाठविलेली तबकडी येथल्या यंत्रानें नाकारली तर दोष कोणाचाच नव्हे, विभागाचा आहे. फोर-के तबकड्यांस मात्र हें बंधन नाहीं.

दुसरें प्रयोजन. फोर-के पडद्यावर आडवे ३,८४० व उभे २,१६० असे सुमारे ८३ लक्ष बिंदु असतात. डीव्हीडीच्या चित्रांत ७२० गुणिले ५७६ बिंदु, म्हणजे पडद्याच्या बरोबर विसावा हिस्सा. आणि व्हीसीडीच्या चित्रांत ३५२ गुणिले २८८, म्हणजे पडद्याच्या सुमारे ८२ वा हिस्सा. उरलेले बिंदु यंत्र अनुमानानें भरतें. चांगलें यंत्र हें अनुमान सफाईनें करतें हें खरें. परंतु आडांतच नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? ज्या घरीं नव्वद टक्के ठेवा लग्नामुंजींच्या व्हीसीडींचा आहे, तेथें उंची यंत्राचें तेज दिसावयाचें नाहीं. उलट, ज्यांच्याकडे फोर-के चित्रपटांचा किंवा सुपर ऑडिओ संगीताचा खरोखर संग्रह आहे, त्यांचा खर्च व्यर्थ म्हणतां येणार नाहीं. मासिक वर्गणीवर दिसणारा चित्रपट हें भाड्याचें घर आहे. मालकानें उठविलें कीं उठावें लागतें. तबकडी ही आपल्या मालकीची वस्तु, आणि अहेरी-भामरागडकडील गांवांत जेथें इंटरनेटचा भरंवसा धरतां येत नाहीं, तेथें तिचें मोल अधिकच आहे.

तिसरा संबंध, येथें या शब्दाचा अर्थ अगदीं वाच्य घ्यावयाचा, म्हणजे जोडणी. उंची यंत्रांत आंकड्यांचें ध्वनींत रूपांतर करणारे उत्कृष्ट भाग बसविलेले असतात आणि किंमतीचा मोठा हिस्सा त्यांचा असतो. परंतु यंत्र एचडीएमआय तारेनें ध्वनिवर्धकास जोडलें, तर आवाज आंकड्यांच्याच रूपानें पुढें जातो आणि रूपांतर ध्वनिवर्धकांत होतें. यंत्रांतील ते महागडे भाग स्वस्थ बसून राहतात. हल्लीं बहुतेक घरीं जोडणी अशीच असते. वेगळ्या ॲनालॉग तारा जोडावयाच्या नसतील, तर त्या भागांचे पैसे देऊं नयेत.

चौथा अधिकारी. यंत्र कोण चालविणार आणि बिघडल्यास कोण सांभाळणार? ओप्पो डिजिटल या कंपनीचीं सार्वत्रिक यंत्रें या क्षेत्रांत आदर्श मानलीं जात. तिनें २०१८ च्या एप्रिलांत हा व्यवसाय आवरता घेतला. सॅमसंगनें २०१९ सालीं अमेरिकेंतील नवीं यंत्रें काढणें थांबविलें, आणि सोनीनें २०२५ च्या फेब्रुवारींत कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचें उत्पादन बंद केलें. मॅग्नेटारसारख्या नव्या नांवांनीं २०२३ सालीं उंची यंत्रें आणून ती जागा भरण्याचा यत्न केला आहे. पण लेसरचा डोळा थकला तर तो बदलून देणारा कारागीर चंद्रपुरांत मिळेल अशी आशा नको, आणि नागपूर तेथून सुमारें १५० किलोमीटर आहे. सबब हमीपत्र, दुरुस्तीचें ठिकाण व सुट्या भागांची सोय लेखी विचारून घ्यावी.

आमच्या प्रांताचे उपद्रवही निराळे आहेत. चंद्रपुरास उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो, आणि खाणी व वीजकेंद्र यांच्यामुळें कोळशाची बारीक धूळ घरांत येते. यंत्र बंद कपाटांत कोंडूं नये. चोहों बाजूंनीं वारा खेळेल असें ठेवावें आणि काम नसतां झांकावें. कूलरचा ओलसर झोत त्यावर येऊं देऊं नये, आणि देवघरांतील समईची काजळी पोंचेल इतकें तें जवळ नसावें. विजेचा दाब वरखालीं होतो म्हणून स्थिरक लावावा. पावसाळ्यांत विजा कडाडूं लागल्या कीं पिन काढून ठेवावी.

आतां मूळ विचारणेचें उत्तर. मातोश्रींची तबकडी प्रथम, यंत्र मागाहून. घरगुती लेखनाच्या तबकडींत मजकूर सेंद्रिय रंगाच्या थरावर उमटलेला असतो. उष्णतेनें व उन्हानें तो थर फिका पडतो, आणि फिका पडलेला रंग कोणतेंही उंची यंत्र परत आणूं शकत नाहीं. म्हणून ती तबकडी मऊ कोरड्या फडक्यानें मध्यापासून कडेकडे सरळ रेषेंत पुसावी, वर्तुळाकार पुसूं नये. मग दोनतीन निरनिराळ्या संगणकांच्या ड्राइव्हमध्यें लावून पाहावी. एकानें न वाचलेली तबकडी दुसरा पुष्कळदां वाचतो. जेवढें निघेल तेवढें उतरवून दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावें, आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या गांवच्या आप्ताकडे द्यावी. हें काम पुढच्या उन्हाळ्याच्या आंत झालें पाहिजे.

यानंतर कपाटांतील संग्रह मोजावा. फोर-के व सुपर ऑडिओ मिळून पंचवीस तबकड्याही भरत नसतील, तर मध्यम किंमतीचें ब्लू-रे यंत्र पुरेसें आहे, आणि वडील बंधूंचें म्हणणें ग्राह्य ठरतें. संग्रह मोठा असेल व ऐकणारे कान घरांत असतील, तर धाकट्या बंधूंनीं खुशाल उंची यंत्र घ्यावें. मात्र लेखी हमी हातीं आल्यावांचून पैसे मोजूं नयेत. शिल्लक राहिलेल्या रकमेंतून दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत साऱ्या कुटुंबानें एकदां वडशाकडील झाडीपट्टीचें नाटक पाहून यावें. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या सेवेबद्दल. तेथें रात्रभर जमणारा समाज कोणत्याही दिवाणखान्यांत मावणारा नव्हे.

आणि हें सर्व होईपर्यंत घरांतील प्रत्येक तबकडी उभी, डबींत व अंधारांत ठेवून, डबीवर कार्याचें नांव, तिथि व सन लिहून काढावें. ज्यांना हे आवाज ओळखूं येतात तीं माणसें घरांत आहेत, तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.