थोडक्यात वाचले... पुढे काय?

'जिवावरचं शेपटीवर निभावलं!' कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे हा वाक्प्रचार मला जरा उशिराच कळला. (ती शेपटी नक्की कोणाची, हे अजून आजीला विचारायचंय!) पण अनुभव मात्र सगळ्यांच्याच ओळखीचा. कॅन्टीनमध्ये बसलं की प्रत्येकाकडे असा एक तरी किस्सा असतोच. कोणाची बाईक घाटात घसरलेली, कोणी लोकलमधून पडता पडता वाचलेला. आपण ऐकतो, 'देव तारी त्याला कोण मारी' म्हणतो आणि अजून एक कटिंग मागवतो. मला हेच पटत नाही.

गेल्या वर्षी मी ज्या हॉस्टेलवर राहत होते, तिथे अंघोळीच्या वेळी नळाला हात लावला आणि खांद्यापर्यंत शॉक बसला. पायात रबरी स्लिपर होत्या, म्हणून निभावलं. इलेक्ट्रिशियनने पाहिलं, तर गीझरच्या प्लगमध्ये अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती! पण खरा धक्का नंतर बसला. मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, तिथे थोडं झिणझिणतंच!" माझ्याआधी चौघींना ते जाणवलं होतं. म्हणजे धोक्याची सूचना चार वेळा मिळाली होती, पण सांगायचं कुठे आणि कोणाला?

हर्बर्ट हाइनरिच या विमा कंपनीतल्या अमेरिकन माणसाने 1931 साली लिहिलं, की एका गंभीर अपघातामागे 29 किरकोळ इजा आणि 300 विनाइजा घटना असतात. या आकड्यांवर पुढे बरीच टीका झाली. पण थोडक्यात टळलेल्या घटनाही मोजाव्यात, हा विचार टिकला. अमेरिकेत 1976 पासून नासा वैमानिकांकडून अशा घटनांचे रिपोर्ट घेते आणि पाठवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवते. ओरडा बसण्याची भीती नसली, की माणसं खरं सांगतात.

आपण तर उद्याचे इंजिनिअर! 30 मिलीअँपिअर गळतीला सप्लाय तोडणारा आरसीसीबी परीक्षेत लिहितो, मग तो हॉस्टेलच्या बोर्डात आहे का, हे कोण बघणार? प्रत्येक हॉस्टेल, लॅब आणि वर्कशॉपच्या दाराशी एक साधी वही ठेवावी. काय घडलं, कुठे आणि कधी, एवढंच लिहायचं, नाव नको. शेजारच्या रकान्यात काय दुरुस्ती केली, ते स्टाफने लिहावं.

मित्रमैत्रिणींनो, किस्से जरूर सांगा, पण आधी त्या वहीत लिहा. पुढच्या मुलीच्या पायात स्लिपर असेलच असं नाही.