कागद कोणी द्यायचा?

चवथीच्या आदल्या दिवशी निपाणीहून बहिणीचा फोन आला. मी माटोळी बांधत होतो, स्टुलावर उभा. "दादा, व्हिसा आला रे पोराचा!" ती रडत होती की हसत होती, तेच कळेना. भाचा ऑस्ट्रेलियाला चालला होता. सिडनी-मेलबर्नला नव्हे, तिकडच्या एका आडगावच्या कारखान्यात, वेल्डर म्हणून. सुट्टी संपल्यावर ऑफिसात पेढे वाटले. शेजारच्या टेबलावरचे आमचे ज्येष्ठ सहकारी मनापासून म्हणाले, "बरें जालें रे! भुरगो मार्गाक लागलो." डोळ्यांत आनंद होता, खोटे कशाला सांगू?

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी वर्तमानपत्र उघडले. भाडेकरूंच्या पडताळणीची कसलीशी बातमी होती. पेपर मिटत ते म्हणाले, "ह्या घाट्यांक पयलीं धांवडावंक जाय."

मी गप्प बसलो. पेढा अजून त्यांच्या टेबलावर होता. त्यांना कुठे माहीत होते की ज्याचा तो पेढा, तो सहा वर्षे इथल्याच 'घाट्यां'पैकी एक होता!

आता त्याची कथा थोडक्यात सांगतो. घर निपाणीत, म्हणजे कर्नाटकात. शाळा अर्जुननगरच्या बाजूला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. निपाणीकराला यात नवल वाटत नाही. तिथले प्रसिद्ध देवचंद कॉलेजही हद्दीपलीकडे अर्जुननगरात आहे. घर एका राज्यात आणि कॉलेज दुसऱ्या. आजी विड्या वळायची, बापाची तंबाखूच्या वखारीत हमाली. पोराने आयटीआय केले, वेल्डिंग शिकला आणि २०१३ साली घाट उतरून गोव्यात आला. इथल्या एका औद्योगिक वसाहतीत २०१९ पर्यंत राबला.

सहा वर्षे तोच कारखाना, तेच शेड, तेच मशीन. कंत्राटदार मात्र तीन बदलले. दर वेळी नवा गेटपास. नेमणुकीचे पत्र एकदाही नाही. खोली आमच्याच एका गोंयकाराच्या चाळीत. भाडे वेळेवर, पण भाडेकरार नाही. वीजबिल मालकाच्या नावाने. करार मागितला तर उत्तर ठरलेले, "तुका कागद कित्याक जाय?"

कित्याक जाय, ते नंतर कळले. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी आपल्या कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव कागदावर दाखवावा लागतो. गोव्यातली सहा वर्षे दाखवता येईनात. ती वर्षे घडलीच नाहीत! मधल्या काळात तो बेळगावला उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत लागला होता. तिथल्या मालकाने पहिल्या महिन्यापासून पगाराची स्लिप दिली, शेवटी अनुभवाचे पत्र दिले. त्या पत्रावर पोराचे विमान उडाले. आमच्या गोव्याने मात्र त्याला साधा एक कागदही दिला नाही. मामा सरकारी कारकून असून!

हे मला लागले. कारण माझा सगळा जन्म कागदात गेला आहे. म्हणून हा लेख.

आधी तो व्हिसा काय आहे ते सांगतो, कारण त्याबद्दल निपाणी-बेळगावकडे एजंटांनी बरीच हवा पसरवली आहे. ऑस्ट्रेलियात १६ नोव्हेंबर २०१९ पासून ४९४ क्रमांकाचा एक व्हिसा सुरू झाला. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे वगळून उरलेला देश त्यांनी 'प्रादेशिक' ठरवला. तिथे कुशल माणसे मिळत नाहीत, तरुण शहराकडे पळतात. हे दुखणे आपल्याला नवे नाही. म्हणून तिथल्या कारखानदाराला परदेशी कारागीर बोलावता येतो. पण कसा? आधी स्थानिकांसाठी जाहिरात द्यायची आणि माणूस मिळत नाही हे दाखवायचे. मग सरकारकडून प्रायोजक म्हणून मान्यता घ्यायची. त्या कामाचा जो बाजारातला पगार, तोच परदेशी माणसाला द्यायचा. शिवाय स्थानिकांच्या प्रशिक्षणासाठी ठेवलेल्या निधीत दर माणसामागे ३,००० किंवा ५,००० डॉलर भरायचे, धंद्याच्या उलाढालीप्रमाणे. ही रक्कम कामगाराकडून वसूल करायची नाही.

कामगाराची बाजूही सोपी नाही. वय ४५ च्या आत, कौशल्याची तपासणी, इंग्रजीची परीक्षा. व्हिसा पाच वर्षांचा. त्यातली तीन वर्षे प्रादेशिक भागात राहून, काम करून, कर भरून झाली की कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

वाचकहो, मी ऑस्ट्रेलियाची आरती करायला बसलेलो नाही. तिथेही लबाडी भरपूर चालते. परदेशी कारागिराला किमान किती पगार द्यायचा याचा आकडा त्यांनी २०१३ पासून ५३,९०० डॉलरवर तसाच ठेवला होता. १ जुलै २०२३ ला तो एकदम ७०,००० झाला. म्हणजे मधली दहा वर्षे कोणाचा फायदा झाला ते सांगायला नको. प्रायोजकत्व पैसे घेऊन विकण्याचे प्रकार इतके बोकाळले की २०१५ साली त्यांना तो गुन्हा ठरवणारा कायदा करावा लागला. निपाणीच्या चौकात एखादा एजंट "मालक सह्या करतो, त्याचे अमुक लाख" असे म्हणाला, तर समजावे की तो व्हिसाच्या नावाखाली गुन्हा विकतो आहे.

आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे माणूस मालकाला बांधलेला. गोंयकाराला हे वेगळे समजावून सांगायची गरजच नाही. ही मुंडकारीच आहे! भाटकाराच्या जमिनीत घर, म्हणून भाटकाराची राखण. तोंड उघडलेस तर घर सोड. पूर्वी तिथे नोकरी सुटली की कामगाराला थोड्याच दिवसांत नवा प्रायोजक शोधावा लागे, नाहीतर गाशा गुंडाळा. १ जुलै २०२४ पासून ही मुदत एका वेळी १८० दिवस केली आहे. आपल्याकडे मुंडकाराला घरातून काढता येणार नाही असा कायदा १९७५ साली आला. तो राहत्या घराचा मालक होऊ शकतो हे त्या कायद्याने मान्य केले. तिथल्या मुंडकारीला निदान तीन वर्षांची हद्द आहे, आणि पहिल्या दिवसापासून कागद आहे. तो कागद मालकाने द्यायचा आहे. माझ्या लेखाचा मुद्दा एवढाच आहे.

आता हीच फूटपट्टी घेऊन आपल्याकडे या.

सीमाभागात काय आहे? १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेली. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ ला आला, महाराष्ट्राने तो नाकारला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या काळात तीन पिढ्यांनी आपण कुठले हे सिद्ध करण्यात आयुष्य घालवले. त्यावर जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने एका विधेयकाला मंजुरी दिली. खासगी उद्योगांत व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि इतर ७० टक्के जागा 'स्थानिकां'ना. स्थानिक कोण? जो राज्यात जन्मला, पंधरा वर्षे राहिला आणि ज्याला कन्नड बोलता, लिहिता, वाचता येते तो. शालान्त परीक्षेला कन्नड विषय नसेल तर कन्नडची परीक्षा द्यायची.

म्हणजे पाहा, माझ्या भाच्याची दहावी हद्दीपलीकडची. त्याला ऑस्ट्रेलियात शिरायला इंग्रजीची परीक्षा द्यावी लागली. हे विधेयक आले असते तर निपाणीत, जन्मघरापासून हाकेच्या अंतरावर, 'स्थानिक' ठरायलाही परीक्षा द्यावी लागली असती! कन्नड शिकायला माझा विरोध नाही. तो फौंड्रीत चार वर्षे कन्नड मुकादमाशी कन्नडमध्येच भांडत होता. पण भांडण्याइतकी भाषा येणे वेगळे आणि तुझ्याच गावात तू परका नाहीस हे पेपर लिहून दाखव म्हणणे वेगळे. ते विधेयक दोनच दिवसांत स्थगित झाले. कोणामुळे? बंगळूरच्या आयटी कंपन्यांनी ओरड केली म्हणून. बेळगाव-निपाणीचा मराठी पोरगा त्या हिशेबात कुठे होता?

पण कर्नाटकावर बोट दाखवून मी मोकळा होणार नाही. महाराष्ट्र काय करतो? ठराव करतो. आपण दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना सरकारी भरतीत अर्ज करू देतो, हेही खरे. पण सरकारी जागा त्या किती, आणि त्यातल्या वेल्डरच्या किती?

आणि आमचे गोवे? सरकारी नोकरीला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. कोकणी आवश्यक. आणि मराठी? 'असल्यास बरी'. मराठीच्या नशिबी आलेल्या या शब्दावर आपण १९८७ पासून किती सभा घेतल्या, किती अग्रलेख वाचले! आपल्याच घरात आपल्या भाषेला पाटावर न बसवता ओटीवर बसवले, म्हणून आपल्याला राग येतो. मग ती भाषा बोलत घाट उतरून आलेल्या माणसाला आपण ओटीवर तरी घेतो का? आपली भाजी आणि दूध बेळगावहून येते. त्यांची वाट आपण पाहतो. त्याच वाटेने माणूस आला की तो भायलो.

कोणी म्हणेल, आकडा आहे की, पंधरा वर्षे! मीही असेच म्हणत होतो. माझ्या काउंटरवर असे लोक येतात. मी विचारतो, भाडेकरार? नाही. वीजबिल? मालकाच्या नावावर. नेमणूकपत्र? नाही. मग मी फाईल परत देतो. नियमाप्रमाणे माझे चुकत नाही. पण जे कागद मी मागतो, ते द्यायचे ज्यांच्या हातात आहे, त्यांचा सगळा फायदा न देण्यात आहे. पंधरा काय, पन्नास वर्षे राहिला तरी तो माणूस सहा वर्षांच्या माझ्या भाच्यासारखाच कागदावर शून्य.

आपल्याला कागदाची किंमत कोणी शिकवायची? १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजोबांची जन्मनोंद शोधायला आपली माणसे जुन्या दफ्तरांची धूळ खात फिरली. त्या एका नोंदीवर लिस्बनचा पासपोर्ट मिळाला आणि त्यावर स्विंडनला घर झाले. २०२० अखेर ब्रिटनचा तो दरवाजा बंद झाला तेव्हा कितीजण हळहळले! तिथे आपण भायलेच होतो ना?

आता दुसरी बाजू. गोवा लहान. २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणसे. जमिनी चालल्या, घरे परवडत नाहीत, भाषा बुडेल ही भीती खरी आहे आणि मी तिला हसत नाही. पण जमीन वेल्डरने नेली का? टेकड्या कापून व्हिला बांधणाऱ्याला आपण 'सर' म्हणतो आणि त्याची भिंत बांधणाऱ्याला घाटी. आणखी एक. कागद नसलेला माणूस स्वस्त पडतो, म्हणून कारखानदार त्याला घेतो आणि डिचोलीचा आयटीआय झालेला पोरगा घरी बसतो. बाहेरच्याला पूर्ण पगार आणि पक्के नेमणूकपत्र द्यावे लागले, तर तो केवळ गरज असेल तेव्हाच येईल. त्यात स्थानिकाचेच रक्षण आहे.

आपल्या देशात याचा विचार झालाच नव्हता असेही नाही. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. कंत्राटदाराने नोंदणी करायची, कामगाराला पासबुक द्यायचे, परगावी आणल्याबद्दल विस्थापन भत्ता द्यायचा, असे त्यात लिहिले होते. मी विचारले तेव्हा माझ्या भाच्याने असे पासबुक कधी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. आता तो कायदा नव्या श्रमसंहितेत विरला. नव्या संहितेत नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. बघू या, आमच्या वसाहतींच्या गेटमधून ते पत्र कितीजणांच्या हाती पडते.

माझी मागणी मोठी नाही. बाहेरून माणूस आणणाऱ्या कारखान्याने त्याचे नाव, काम आणि पगार पहिल्या दिवशी सरकारात नोंदवावा. कंत्राटदार बदलला तरी ती नोंद तुटू नये. दर माणसामागे काही रक्कम स्थानिक मुलांच्या प्रशिक्षणासाठी भरावी. खोली भाड्याने देणाऱ्याने करार द्यावा. आणि माणसाने पंधरा वर्षे मोजली, तर ती मोजलेली दिसावीत. मग तो आपला की परका, यावर खुशाल वाद घालू.

जाण्यापूर्वी भाचा आमच्या घरी पाया पडायला आला होता. निघताना सहज बोलून गेला, "मामा, गोव्याची सहा वर्षं फॉर्मात लिहिलीच न्हाईत बघा. पुरावा न्हवता." तक्रारीच्या सुरात नव्हे. हवापाणी सांगावे तसे.

मी त्याला बस स्टँडवर सोडले. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. काउंटरवर पहिलाच माणूस खानापूरकडचा होता, प्लंबर, बारा वर्षे इथे. मी सवयीने विचारले, "भाडेकरार आहे?" तो ओशाळून हसला. शेजारच्या टेबलावरून सहकारी माझ्याकडे बघत होते.