शासकीय रुग्णालय ही कोणाची मेहेरबानी नव्हे!

बौद्ध बंधुभगिनींनो,

इंदापूरकडील आपला एखादा वृद्ध बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येतो, केसपेपरच्या खिडकीपाशी हात जोडून उभा राहतो आणि बरा होऊन परतताना ‘साहेबांचे उपकार झाले’ असे म्हणतो. डॉक्टरांविषयी कृतज्ञता अवश्य असावी; परंतु ही लाचारीची भाषा आपण टाकून दिली पाहिजे.

ही संस्था आहे तरी कोणाची? २०१९ साली १०० विद्यार्थ्यांच्या प्रवेशाने सुरू झालेले व पुढे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव दिले गेलेले हे महाविद्यालय शासनाचे असून नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. शासनाचा पैसा म्हणजे कराचा पैसा. आणि साबणाच्या वडीवरील कर शेतमजूरही भरतो.

याहून मोठी गोष्ट ऐका. पुरेशा खाटा व रुग्ण नसतील तर वैद्यकीय महाविद्यालयास मान्यताच मिळत नाही. पोट चाचपावे कसे, छातीचे ठोके ऐकावे कसे, हे भावी डॉक्टर गरिबाच्या खाटेपाशी उभा राहून शिकतो. १९४९ च्या शरीरशास्त्रविषयक कायद्यान्वये बेवारस प्रेतेही विच्छेदनासाठी दिली जातात. बेवारस मरतो तो कोण? बंगल्यातील धनिक खचित नव्हे! मग या विद्यालयात गरीब रुग्ण याचक कसा? तो तर दाता आहे.

कायदाही आपल्याच बाजूस आहे. अपघातग्रस्ताचा जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टराचे कर्तव्य होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली ठरविले. ‘खाट नाही’ म्हणून पश्चिम बंगालमधील शासकीय रुग्णालयांनी एका जखमी शेतमजुरास परत पाठविले, तेव्हा १९९६ साली त्याच न्यायालयाने त्यास संविधानाच्या अनुच्छेद २१ चा भंग ठरवून नुकसानभरपाई देवविली. म्हणून कोणी परत पाठविले, तर कारण लेखी मागा. संमतिपत्रावर सही वा अंगठा देण्यापूर्वी त्यातील मजकूर समजावून घ्या.

परंतु उपचार हा हक्काचा केवळ अर्धा भाग झाला. दुसरा भाग शिक्षणाचा. धर्मांतरामुळे अनुसूचित जातींच्या ज्या केंद्रीय सवलती आपणांस नाकारल्या गेल्या, त्या १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशांत अनुसूचित जातींसाठी १३ टक्के जागा राखीव आहेत आणि मूळ अनुसूचित जातीचे बौद्ध त्यांस पात्र आहेत. ती जागा गुण असूनही केवळ कागदाअभावी गमावणे, हा आपल्याच हाताने केलेला घात होय! मुलगी अकरावीस विज्ञान शाखेत गेली, की त्याच वर्षी जात वैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

ज्यांच्या देहावर ही विद्या शिकली जाते, त्यांच्या लेकीबाळींनी ती शिकलीच पाहिजे. खिडकीबाहेर हात जोडून पुष्कळ उभे राहिलो. आता आत जावयाचे आहे.