तपासणीला जाणाऱ्या परिचारिकेचे मोल

नर्सिंग होम म्हटले की आपल्याकडे दहा-वीस खाटांचे खासगी इस्पितळ डोळ्यांसमोर येते. बाळंतपण, हर्निया, तापात लावलेली सलाईन, असे त्याचे स्वरूप. अमेरिकेत याच शब्दाचा अर्थ वृद्ध व परावलंबी माणसांना कायम ठेवून घेणारे शुश्रूषागृह असा होतो. अर्थ वेगळे असले तरी दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. आत रुग्णाची काळजी नीट घेतली जाते की नाही, हे कोणी पाहायचे? ते पाहणाऱ्या परिचारिकेला किती वर्षांचा अनुभव असावा आणि तिला वेतन काय मिळावे, हा त्याला जोडून येणारा दुसरा प्रश्न. आज त्याचाच विचार करू.

सिरोंच्यासारख्या गावात हा प्रश्न जीवनमरणाचा आहे. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालय आहे. त्यापुढची सोय हवी असेल तर अहेरीचे उपजिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरच्या आसपास आणि गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय दोनशेहून अधिक किलोमीटरवर. त्यातच पावसाळ्यात आलापल्ली रस्त्याची जी दशा होते, ती वाचकांना सांगायला नको. म्हणून गोदावरी किंवा प्राणहिता ओलांडून तेलंगणातील मंचेरियाल, करीमनगर, वरंगळच्या खासगी दवाखान्यांकडे लोक धाव घेतात. कोणता दवाखाना चांगला, हे मात्र आपण ऐकीव माहितीवरच ठरवतो. इमारत मोठी आणि फरशी चकचकीत असली की दवाखाना चांगला, असा आपला समज.

खरी परीक्षा वेगळीच असते आणि ती अनुभवी परिचारिकेला चटकन करता येते. प्राणवायूचे सिलिंडर कोपऱ्यात उभे आहे, पण त्याची किल्ली कोठे आहे? बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिन फ्रीजमध्ये आहे की उन्हाच्या खिडकीत? बाळाच्या नाकातोंडातील स्राव ओढणारे यंत्र चालू करून शेवटचे कधी पाहिले? रुग्णाच्या कागदावर रात्रभर दर चार तासांनी रक्तदाब १२०/८० असाच, एकाच शाईने, एकाच हाताने लिहिलेला दिसला, तर रात्री कोणी रक्तदाब मोजलाच नाही हे ती ओळखते. तिने स्वतः रात्रपाळ्या काढलेल्या असतात. पुस्तकी तपासनीसाला हा कागद सुबक वाटेल.

आपल्या राज्यात खासगी नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. त्याच्या नियमांत २०२१ साली सुधारणा झाली आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. शासकीय रुग्णालयांसाठी २०१३ मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता मानके आली, तर २०१५ मध्ये स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ योजना आली. गुणवत्ता मानकांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तपासनीस चार मार्गांनी माहिती घेतो: स्वतः पाहून, कर्मचाऱ्यांना विचारून, नोंदी वाचून आणि रुग्णाशी बोलून. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण मिळतात. ‘कायाकल्प’मध्ये आधी रुग्णालय स्वतःची तपासणी करते, मग शेजारच्या संस्थेचे लोक येतात आणि शेवटी बाहेरचे पथक. या कामात परिचारिकांना स्थान आहे. खासगी इस्पितळांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या पथकांतही डॉक्टर व प्रशासकांबरोबर परिचारिका असतात.

मग अडचण कोठे आहे? अमेरिकेत शुश्रूषागृहातील प्रत्येक रहिवाशाचे ठरलेल्या नमुन्यात मूल्यमापन करावे लागते. १९८७ च्या कायद्याने ते सक्तीचे झाले आणि ते पूर्ण झाल्याची सही नोंदणीकृत परिचारिकेने करायची असते. त्यामुळे तेथे ही स्वतंत्र पगाराची जागा झाली. आपल्याकडे हे काम बहुधा जोडकाम असते. रुग्णालयातल्या सिस्टरकडे वॉर्डही असतो आणि वर गुणवत्तेच्या फायलीही येतात. बाहेरची तपासणी असली तर मानधन दिवसाच्या हिशेबाने. तरुण भगिनींनी ही वस्तुस्थिती जाणूनच या कामाकडे वळावे. पहिल्या दिवसापासून महिन्याच्या पगाराची, टेबल-खुर्चीची तपासनीसाची नोकरी मिळेल, अशी आशा धरू नये.

अनुभवाबाबत माझे मत स्पष्ट आहे. रुग्णाच्या खाटेशी किमान पाच वर्षे काढल्याशिवाय कोणीही दुसऱ्याचे काम तपासायला जाऊ नये. त्या पाच वर्षांत प्रसूतिगृह, रात्रपाळी आणि अत्यवस्थ रुग्ण पुढे पाठवण्याचा अनुभव असावाच. आपल्या भागात आणखी एक अट हवी, ती भाषेची. सिरोंच्यात निम्मे बोलणे तेलुगूत होते, भामरागड-एटापल्लीकडे माडिया चालते. रुग्णाची भाषा न येणारा तपासनीस चार मार्गांपैकी एक मार्ग बंद करूनच आत शिरतो. मात्र केवळ पदवीचा आग्रह नको. याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या, बेताच्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची तपासणी शिकवली. त्या आरोग्यदूतांच्या कामाने बालमृत्यू घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगापुढे आले. सराव आणि सरावावर देखरेख यांतून नजर तयार होते, हाच त्याचा धडा.

आता पैशाचे बोलू. परिचारिकांनी सेवा करावी आणि पैशाचे नाव काढू नये, अशी आपल्याकडे एक गोड समजूत आहे. राज्य शासनाच्या नियमित अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, त्यावर भत्ते वेगळे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जाहिरातींत त्याच पात्रतेला २०,००० रुपये दिसतात. खासगी इस्पितळांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीची शिफारस अशी: दोनशेहून अधिक खाटा असतील तर शासकीय परिचारिकेइतका पगार, शंभर ते दोनशे खाटांना फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर खाटांना फार तर पंचवीस टक्के कमी आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी महिना २०,००० रुपयांखाली नाही. आपल्या परिसरातली नर्सिंग होम बहुतेक या शेवटच्या गटातली. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे खरे. पण पगार ठरवताना हा आकडा पुढे ठेवण्यात संकोच कशाला?

तपासणीच्या कामाला हाच हिशेब लावा. ३५,४०० ला तीसने भागले तर दिवसाला १,१८० रुपये पडतात. वीस हजाराच्या हिशेबाने ६६७ रुपयेही होत नाहीत. पाच वर्षे मुरलेल्या परिचारिकेचा तपासणीचा दिवस नवख्या नियमित परिचारिकेच्या दिवसाहून स्वस्त असता कामा नये. शिवाय सिरोंच्याहून गडचिरोलीला एका दिवसाच्या तपासणीसाठी जाणारीचे तीन दिवस खर्ची पडतात. प्रवासाचे दिवस कामाचे धरावेत, मुक्कामाची सुरक्षित सोय असावी आणि त्या दिवसांत वॉर्डात तिच्या जागी दुसरी सिस्टर हजर असावी. नाहीतर दुसऱ्याचे रुग्णालय तपासायला गेलेल्या सिस्टरचे स्वतःचे रुग्ण वाऱ्यावर पडतील.

आणखी एक गोष्ट पगाराहूनही महत्त्वाची आहे. ज्या इस्पितळाची तपासणी, त्याच्या मालकाच्या हातून तपासनीसाला पैसे मिळू नयेत. अमेरिकेच्या त्या कायद्यात जाणूनबुजून खोटी सही करणाऱ्याला प्रत्येक मूल्यमापनामागे एक हजार डॉलरपर्यंत दंड सांगितला होता, आणि दुसऱ्याकडून ती करवून घेणाऱ्याला पाच हजारांपर्यंत. दबाव आणणारा अधिक दोषी, हे तत्त्व आपणही घ्यावे. तुटपुंज्या पगारावर, नोकरीच्या भीतीने वाकलेल्या परिचारिकेकडून निर्भीड सहीची अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्याय आहे आणि रुग्णाचीही फसवणूक आहे.

परिचारिका भगिनींनो, डोळ्यांनी पाहिले नाही त्यावर सही करू नका आणि आपल्या अनुभवाचे मोल मागताना मान खाली घालू नका. आणि वाचकहो, पुढच्या वेळी घरच्या बाळंतिणीला घेऊन नदीपलीकडे जाल, तेव्हा फरशीकडे पाहण्याआधी एक प्रश्न विचारा: रात्री येथे शिकलेली सिस्टर असते का?